जुनी मोटार कमी खर्चात कशी टिकवावी: मराठवाड्यातील नवख्या मालकांसाठी

कोकणात पंधरा वर्षे वापरलेली मोटार आणि परभणी-जालन्याकडे पंधरा वर्षे वापरलेली मोटार यांची झीज एकसारखी नसते. किनाऱ्यावरची दमट, खारी हवा पत्रा खाते. मराठवाड्यातली कोरडी, तापलेली हवा पत्र्याचे फारसे वाकडे करत नाही, पण ती रबर कडक करून फोडते, बॅटरीतले पाणी उडवते आणि मिळेल त्या फटीतून धूळ आत नेते. खर्चाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गंजलेले चॅसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, दुरुस्त करणे सहसा परवडत नाही, तर होज पाइप, बेल्ट, रबरी बूट, ऑइल सील आणि फिल्टर या वस्तू बहुधा शेकड्यांत मिळतात. आपल्याकडे एखादी जुनी गाडी भंगारात जाते तेव्हा बहुतेक वेळा वेळेवर न बदललेल्या एखाद्या स्वस्त वस्तूने महागड्या भागाचा घात केलेला असतो. पुढील मार्गदर्शन मुख्यतः मारुती ८००, अल्टो, वॅगनआर, सॅन्ट्रो, इंडिका अशा लहान गाड्या डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. बोलेरोसारख्या डिझेल गाडीलाही त्यातले बरेचसे लागू पडते.

गाडी टिकवण्याजोगी आहे का, हे आधी ठरवावे

हाती आलेल्या गाडीवर पैसा घालण्यापूर्वी ती गॅरेजमध्ये लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून पाहावी. फ्लोअरचा पत्रा, दोन्ही बाजूंचे आडवे-उभे मेंबर आणि शॉकअप जेथे बसतो ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावी. आवाज टणक आला पाहिजे. पत्रा दबत असेल किंवा पापुद्रे सुटत असतील, तर ती गाडी टिकवण्याचा आग्रह धरू नये. पुढच्या बाजूला जागोजागी वेल्डिंग दिसत असेल, तर मोठा अपघात झालेला असतो, आणि अशा गाडीचे टायर एका बाजूने झिजत राहतात.

इंजिनाची परीक्षा गाडी पूर्ण थंड असतानाच करावी. म्हणून विकणाऱ्याने आपण पोहोचण्याआधीच गाडी गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळत आहे. काळा धूर आला तर इंधन जास्त जात आहे किंवा हवा कमी पडत आहे. आणि इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट आत जळत असण्याची शक्यता मोठी असते. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसला, तरी हेड गॅस्केटची (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांमधल्या पॅकिंगची) शंका घ्यावी. शेवटी मिस्त्रीकडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) तपासून घ्यावे. सर्व सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे असतील, तर इंजिनाची झीज एकसारखी झाली आहे एवढे नक्की कळते.

मग हिशेब करावा. नव्या गाडीसाठी ५ लाख रुपयांचे कर्ज साडेनऊ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,५०० रुपये पडतो, म्हणजे वर्षाला सव्वा लाखाहून अधिक रक्कम होते. शिवाय नव्या गाडीचा पूर्ण विमा वेगळा. जुन्या गाडीचे वर्षाचे दुरुस्तीकाम या रकमेच्या निम्म्याहून कमी राहत असेल, तर ती ठेवण्यात तोटा नाही. येथे एका वर्षाचा खर्च पाहून निर्णय करू नये. ज्या वर्षी चार टायर आणि बॅटरी एकदम बदलावे लागतात ते वर्ष जड जाते, आणि तेवढ्यावरून घाबरून गाडी विकणारा मालक स्वतःच भरलेल्या खर्चाचा फायदा दुसऱ्याच्या पदरात टाकतो.

पहिली सर्व्हिस: सगळे शून्यापासून

आधीच्या मालकाने काय बदलले, हे तोंडी सांगण्यावर सोडू नये. पावती नसेल तर ते बदललेले नाही असे समजून इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, फ्यूएल फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल आणि गिअर ऑइल एकदाच बदलून टाकावे. अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) आणि एसीचा बेल्ट उलटा वाकवून पाहावा. आतल्या बाजूस भेगा दिसल्या तर तो बदलावा.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणाऱ्या टायमिंग बेल्टबाबत मात्र विशेष दक्षता हवी. जुनी अल्टो, सॅन्ट्रो, इंडिका यांसारख्या गाड्यांत रबरी टायमिंग बेल्ट असतो, तर अल्टो के-१० किंवा १.२ लिटर पेट्रोल स्विफ्टमध्ये साखळी असते. बेल्ट बाहेरून दिसत नाही, तुटण्याआधी तो बहुधा आवाजही करत नाही, आणि अनेक इंजिनांत तो तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून संपूर्ण हेडचे काम निघते. गाडीच्या पुस्तिकेत दिलेले किलोमीटर पूर्ण झाले असतील, किंवा बेल्ट कधी बदलला हे माहीतच नसेल, तर बेल्ट व त्याचा टेन्शनर बदलावा. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल, तर त्याच वेळी तोही पाहून घ्यावा, कारण त्याची मजुरी पुन्हा वेगळी द्यावी लागत नाही.

इंजिन ऑइलची जाडी पुस्तिकेतल्या तक्त्यावरून निवडावी. तक्ता एकाहून अधिक ग्रेडना परवानगी देत असेल, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि झिजलेल्या इंजिनात त्यातली जाड ग्रेड सहसा योग्य ठरते. साधे मिनरल ऑइल, धुळीचे रस्ते आणि गावातल्या गावात छोट्या फेऱ्या असा वापर असेल, तर ५,००० किलोमीटर किंवा ६ महिने यांपैकी जे आधी येईल तेव्हा ते बदलावे. महागडे सिंथेटिक ऑइल दोन वर्षे ठेवण्यापेक्षा साधे ऑइल वेळेवर बदलणे जुन्या इंजिनाला मानवते, असे माझे मत आहे.

या दिवसापासून एक वही ठेवावी आणि तीत तारीख, किलोमीटर, काम, वस्तूचा मेक व रक्कम लिहीत जावे. पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात.

पाणी आणि ऊन

मराठवाड्यात जुन्या इंजिनाचा खरा शत्रू कुलिंग सिस्टिममधला बिघाड आहे, म्हणून या भागावर सर्वांत जास्त लक्ष द्यावे. मे महिन्यात तापमान बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाते, बाहेरची हवाच इतकी गरम असते की रेडिएटरला उष्णता टाकायला वाव कमी उरतो, आणि त्यातच बहुतेकांच्या घरी येणारे पाणी बोअरचे असते. घागरीच्या आणि गिझरच्या आतल्या बाजूला बसणारा पांढरा थर सर्वांच्या परिचयाचा आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत बसतो, त्यामुळे उष्णता बाहेर पडेनाशी होते आणि एके दिवशी गेवराई किंवा लोह्याच्या पुढे भर दुपारी गाडी वाफ सोडते. त्यामुळे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी नियमितपणे कधीच घालू नये. तयार कूलंट वापरावे, किंवा डब्यावर दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळून ते बनवावे. डिस्टिल्ड वॉटर कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळते. वाटेत अडचण आलीच, तर जारचे आरओ पाणी तात्पुरते चालते. घरी आल्यावर मात्र सगळे काढून नवे कूलंट भरावे.

कूलंट केवळ थंडीत गोठू नये म्हणून असते, आपल्याकडे त्याचे काय काम, असा समज गावोगावी आहे. कूलंटमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, आणि त्यातली रसायने इंजिनाच्या आतल्या धातूला गंज लागू देत नाहीत. ही दोन्ही कामे उष्ण प्रदेशातच अधिक लागतात. साधारण दोन वर्षांनी कूलंट बदलावे. पहिल्या वेळी तांबूस गढूळ पाणी निघाले, तर स्वच्छ पाणी येईपर्यंत सिस्टिम धुवावी. गाळ फार असेल तर तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरचे रॉडिंग (नळ्यांत सळई घालून गाळ काढणे) करून मिळते. प्लास्टिकच्या टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरवर ते करायला जाऊ नये, तो बदललेला बरा.

रेडिएटरचे झाकण ही या सिस्टिममधली सर्वांत दुर्लक्षित वस्तू आहे. ते आतला दाब धरून ठेवते, आणि दाब असल्यामुळेच पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की दाब सुटतो, कूलंट बाहेर फेकले जाते, आणि मालक मात्र रेडिएटर व पंप बदलत बसतो. म्हणून गाडी गरम होण्याची तक्रार घेऊन गॅरेजला जाण्याआधी कंपनीचे नवे झाकण लावून पाहावे. इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नये. त्यातून उडणारे पाणी तोंड आणि हात भाजते.

आपल्याकडच्या गॅरेजांत दोन जुगाड सर्रास केले जातात. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरमच होणार नाही’ हा पहिला, आणि ‘फॅन डायरेक्ट करून देतो’ हा दुसरा. थर्मोस्टॅट ही कूलंटची वाट उघडणारी-मिटवणारी झडप आहे; तो साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिनाला ठरलेल्या तापमानात ठेवतो. तो काढला की हिवाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांत इंजिन थंडच राहते, पेट्रोल जास्त लागते, ऑइल लवकर खराब होते, आणि मूळ दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा थकलेला पंप, झाकलेला राहतो. फॅन डायरेक्ट केला की तो गरज नसतानाही फिरत राहतो, त्याची मोटर लवकर जळते आणि अल्टरनेटरवर ताण येतो. फॅन वेळेवर लागत नसेल तर त्याचा स्विच, सेन्सर, रिले आणि फ्यूज यांत दोष शोधावा. हे सुटे भाग फॅनच्या नव्या मोटरपेक्षा बरेच स्वस्त असतात.

प्रवासात तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवरून वर सरकू लागला, तर एसी ताबडतोब बंद करावा, हीटर पूर्ण गरमवर लावून त्याचा पंखा जोरात सोडावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. मेमध्ये हीटर लावणे वेडेपणाचे वाटते, पण तो एक छोटा रेडिएटरच आहे. काटा लाल पट्ट्यात गेल्यावर ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ असे म्हणणाऱ्याला हेड वाकल्याचा खर्च येतो.

धूळ, कापूस आणि उंदीर

एअर फिल्टरसाठी पुस्तिकेत दिलेले अंतर डांबरी रस्त्यांसाठी असते. शेतरस्ते आणि रस्त्याच्या कामांची धूळ असलेल्या भागात फिल्टर दर महिन्याला उघडून पाहावा आणि साधारण १०,००० किलोमीटरला बदलावा. हवा मारायचीच असेल तर ती आतून बाहेर, कमी दाबाने मारावी. बाहेरून मारल्यास धूळ कागदात अधिक रुतते. फिल्टरच्या डब्याचा क्लिप तुटलेला असेल तर तो आधी बसवावा, कारण फटीतून गाळल्याशिवाय जाणारी धूळ पिस्टन-रिंग थेट घासते.

वेचणीच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या वाहनांमागे गाडी चालवली, की कापसाचे तंतू एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकतात. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण मधल्या फटीत गोधडीसारखा थर बसलेला असतो. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, साध्या नळीच्या पाण्याने तो धुवून काढावा. प्रेशर वॉशरने पातळ पाती वाकतात. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या तुरीच्या किंवा सोयाबीनच्या काडावरून गाडी न्यावी लागली, तर पुढे लगेच थांबून खाली वाकून पाहावे. अडकलेले काड तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटू शकते, आणि चाकांच्या ॲक्सलवरचा रबरी बूटही फाडते. हा बूट फाटल्याचे लवकर लक्षात आले तर काही शे रुपयांत काम होते; ग्रीस उडून आत माती गेली की वळताना कट-कट आवाज येऊ लागतो आणि अख्खा ॲक्सल बदलावा लागतो.

पावसाळ्यात चाकांच्या कमानीत काळी माती थापून बसते आणि आठवडेच्या आठवडे ओल धरून ठेवते. आपल्याकडे पत्रा गंजतो तो बहुधा येथेच. ती माती पाण्याने काढावी आणि दरवाज्यांच्या खालची पाणी निघण्याची भोके काडीने मोकळी करावीत.

गाडी धान्याच्या किंवा कडब्याच्या जवळ उभी राहत असेल, तर उंदीर वायरिंग कुरतडणार हे धरूनच चालावे. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडावे; लेंड्या किंवा कडब्याचे तुकडे दिसले तर ते साफ करून डांबरगोळ्या कापडात बांधून ठेवाव्यात, आणि गाडीत खाण्याचे काही राहू देऊ नये.

बॅटरीसाठी एक साधा मल्टिमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. चालू इंजिनावर तो १३ च्या खाली असेल, तर दोष अल्टरनेटरकडे किंवा बेल्टकडे आहे. नवी बॅटरी घेऊन काही साधणार नाही.

जेथे काटकसर करू नये

टायर, ब्रेक आणि स्टिअरिंग या तीन ठिकाणी जुना माल वापरू नये. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो; २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, आणि नक्षी भरपूर असूनही सहा-सात वर्षे उन्हात उभ्या गाडीचा टायर बाजूने तडकलेला असेल, तर तोही संपला. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा असली, तरी जुन्या गाडीने तेथे ८०-९० वर समाधान मानावे. हवा सकाळी, टायर थंड असताना, दरवाज्याजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरावी. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी भरण्याची पद्धत चुकीची आहे, कारण कमी हवेचा टायर अधिक वाकतो आणि अधिक तापतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, म्हणून ते दोन वर्षांनी बदलावे; कन्नडच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना पॅडल मऊ लागणे हे याचेच लक्षण असते.

पेट्रोल

पंपांवर आता २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते, आणि एप्रिल २०२३ पूर्वी बनलेल्या बहुतेक गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. लातूर, बीड, धाराशिवच्या उसातूनही इथेनॉल बनते, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही, तयारी करावी. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवते, त्यामुळे फ्यूएल फिल्टर एकदा ठरलेल्या वेळेआधी बदलावा. इंधनाच्या रबरी नळ्या हाताने दाबून पाहाव्यात; फुगलेल्या, चिकट किंवा भेगाळलेल्या असतील तर इथेनॉल चालणाऱ्या नळ्या बसवाव्यात. गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला तर ती चालवू नये. हे पेट्रोल पाणी ओढते, म्हणून ते टाकीत महिनोन्महिने पडू देऊ नये. ॲव्हरेज थोडे कमी होणारच.

मिस्त्री आणि सुटे भाग

अधिकृत सर्व्हिस सेंटरला जुन्या गाडीत रस कमी असतो आणि तेथे भाग दुरुस्त करण्याऐवजी बदलण्याकडे कल असतो. तुमच्याच मॉडेलच्या तीन-चार गाड्या ज्याच्या दारात उभ्या दिसतात असा मिस्त्री शोधावा. सुटे भाग शक्यतो स्वतः दुकानातून पावती घेऊन आणावेत, आणि काढलेला जुना भाग मागून घ्यावा. सेन्सर, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, ब्रेक पॅड हे कंपनीचे किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या मेकचे घ्यावेत. आरसा, दरवाज्याची काच, सीट, हँडल हे भंगारवाल्याकडून घेतले तरी चालते. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि अल्टरनेटर नवे घेण्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडे कार्बन व बेअरिंग बदलून पाहावे. वाळूज-चिकलठाणा औद्योगिक पट्ट्यामुळे छत्रपती संभाजीनगरात लेथवर काम करणारे कुशल कारागीर सहज भेटतात, त्यामुळे बाजारातून गेलेला एखादा बुश किंवा ब्रॅकेट तेथे घडवून मिळतो. काम सांगताना ‘पंप बदला’ असे म्हणू नये. ‘चढावर गाडी गरम होते, सपाटीवर होत नाही’ असे लक्षण सांगावे.

कागदपत्रे

खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी करून ती दर वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत नमुना २५ भरून अर्ज करता येतो. एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे. २० वर्षांवरील मोटारीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. उशीर केल्यास दरमहा दंड चढतो, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पंधरा वर्षांची गाडी आपोआप बाद होते हा समज दिल्ली परिसरातील निर्बंधांच्या बातम्यांतून पसरला आहे. मराठवाड्यात तसा नियम नाही.

पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या आणि त्यापुढील गाडीला वर्षभर, तर त्याआधीच्या गाडीला ६ महिने चालते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवावी लागते. तिची नोंदणी परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. विम्याबाबत, गाडीची बाजारातली किंमत पन्नास-साठ हजारांवर आली असेल, तर केवळ थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीपुरता) विमा घेणे शहाणपणाचे ठरते. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १,००० सीसीपर्यंतच्या मोटारीला त्यासाठी २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये लागतात, जीएसटी वेगळा. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा त्यासोबत घ्यावा.

चॅसिस गेले, किंवा इंजिन व गिअरबॉक्स दोन्ही एकाच वेळी संपले, तर थांबावे. अशी गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला रोख पैशांत देऊ नये, कारण कागदोपत्री तिचे मालक तुम्हीच राहता. ती नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रात जमा करून प्रमाणपत्र घ्यावे, आरटीओकडून नोंदणी रद्द करून घ्यावी, आणि नवी बॅटरी, चांगले टायर असे काही बसवलेले असेल, तर केंद्राशी बोलून ते देण्यापूर्वी उतरवून ठेवावे.